फॉरमॅट मारण्याआधी बायोसमध्ये डोकावा

‘विंडोज उडालंय, फॉरमॅट मारावं लागेल.’ कॉम्प्युटर सुरू होत नाही म्हटलं की पुण्यात पेठांपासून वाघोलीपर्यंत कुठेही हे वाक्य सर्वांत आधी कानावर पडतं. मग फॉरमॅट मारला जातो, विंडोज नव्याने टाकलं जातं, पीसी सुरूही होतो. पण मुलीच्या बारशापासूनचे फोटो, टॅलीतली जुनी खाती, अर्धा लिहून झालेला प्रबंध, हे सगळं त्या फॉरमॅटमध्ये जातं. मला हे पाहवत नाही, कारण बऱ्याच वेळा डिस्क धडधाकट असते आणि विंडोजही जागच्या जागी असतं. बदललेली असते ती मदरबोर्डच्या, म्हणजे पीसीतल्या मुख्य सर्किट बोर्डाच्या, आतली एखादी सेटिंग. ती पूर्ववत केली की पीसी आहे तसा, आहे त्या फाइलींसकट सुरू होतो. या सेटिंग बायोसच्या, म्हणजे विंडोजच्या आधी पीसी जागा करणाऱ्या प्रोग्रामच्या, ‘अॅडव्हान्स्ड’ आणि ‘बूट’ या पानांवर असतात आणि त्यांच्या नावांना घाबरून लोक तिकडे फिरकत नाहीत. त्या नेमकं काय करतात हे समजलं की भीती राहत नाही.

बटण दाबल्यावर आधी काय होतं

पॉवरचं बटण दाबताच प्रोसेसर विंडोज शोधायला जात नाही. डिस्क कुठे जोडली आहे, हेच त्याला तेव्हा ठाऊक नसतं. रॅमसुद्धा त्या क्षणी वापरण्याजोगी नसते. मदरबोर्डवर एक छोटी फ्लॅश चिप असते, आजकाल साधारण १६ किंवा ३२ मेगाबाइटची. तिच्यात भरून ठेवलेला प्रोग्राम म्हणजे फर्मवेअर. तो आधी रॅम तयार करतो, मग स्क्रीन, कीबोर्ड, डिस्क एकेक करून ओळखतो, आणि शेवटी ठरवतो की पुढची सूत्रं कोणाच्या हाती द्यायची. या लेखातला जवळजवळ प्रत्येक पर्याय त्या शेवटच्या निर्णयाशी जोडलेला आहे.

१९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीपासून वाढत गेलेल्या जुन्या बायोसची पद्धत फार साधी होती. डिस्कचा अगदी पहिला ५१२ बाइटचा तुकडा उचलायचा, त्याच्या शेवटी ठरलेली दोन बाइटची खूण आहे का पाहायचं आणि असेल तर त्यात जे लिहिलंय ते डोळे मिटून चालवायचं. त्या तुकड्यातच डिस्कच्या पार्टिशनचा, म्हणजे तिच्या पाडलेल्या भागांचा, तक्ताही असतो. तक्त्यात जागा चारच नोंदींना, आणि आकड्यांची मर्यादा अशी की साधारण २ टेराबाइटच्या पुढची डिस्क त्यात बसत नाही. या रचनेला एमबीआर म्हणतात.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस इंटेलने आयटेनियम प्रोसेसरसाठी नवी पद्धत बांधायला घेतली. २००५ मध्ये तिचा कारभार अनेक कंपन्यांनी मिळून उभारलेल्या यूईएफआय फोरमकडे गेला. यूईएफआयला डिस्कवरच्या फाइली वाचता येतात. डिस्कवर एक लहानसं पार्टिशन फॅट-३२ पद्धतीचं असतं, त्यात सुरुवातीच्या फाइली ठेवलेल्या असतात, आणि कुठली फाइल चालवायची याची यादी मदरबोर्ड स्वतःच्या स्मृतीत बाळगतो. डिस्कची रचनाही नवी आहे, तिचं नाव जीपीटी. तिच्यावर विंडोज १२८ पार्टिशनपर्यंत मजल मारू शकतं आणि २ टेराबाइटची अडचण उरत नाही. गेल्या दहा वर्षांत विकल्या गेलेल्या जवळपास सगळ्या पीसींमध्ये यूईएफआयच आहे. बोलताना मात्र सगळे बायोसच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो.

आत शिरायचं कसं

जोडून घेतलेल्या डेस्कटॉपवर बहुतेक वेळा डिलीट की लागते. डेल, एसर आणि आसुसच्या लॅपटॉपवर एफ-२, एचपीवर एफ-१०, लेनोव्होच्या थिंकपॅडवर एफ-१. बटण दाबल्यापासून ती की थांबून थांबून मारत राहायची. तरीही विंडोजच उघडत असेल तर विंडोजच्या आतून जा: शिफ्ट दाबून धरून रीस्टार्टवर क्लिक करा, निळ्या पडद्यावर ‘ट्रबलशूट’, मग ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’, मग ‘यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज’. हा शेवटचा पर्याय दिसतच नसेल तर तुमचं विंडोज जुन्या पद्धतीने चालत असण्याची शक्यता मोठी आहे, आणि ती माहितीही पुढे उपयोगी पडते.

आसुस आणि एमएसआयच्या बोर्डांवर सुरुवातीला सोपं, चित्रांचं पान येतं. एफ-७ दाबलं की पूर्ण मेनू उघडतो. गिगाबाइटच्या नव्या बोर्डांवर त्यासाठी एफ-२ आहे.

कुठलीही सेटिंग बदलण्याआधी मोबाइलने प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. चार पर्याय एकदम बदलले आणि पीसी अडला, तर दोष कशाचा हे कळायला मार्ग राहत नाही. काही न बदलता बाहेर पडायचं असेल तर ‘डिस्कार्ड चेंजेस’ किंवा तशाच अर्थाचा पर्याय असतो. पाहण्याने काहीही बिघडत नाही.

डिस्क आणि बायोसची जोडी जमलीच पाहिजे

सगळ्यांत जास्त घोळ इथे होतो, म्हणून इथे जरा थांबू या.

बहुतेक बोर्डांवर ‘सीएसएम’ नावाचा पर्याय असतो, काही लॅपटॉपवर त्यालाच ‘लेगसी सपोर्ट’ किंवा ‘बूट मोड’ म्हणतात. तो चालू असेल तर यूईएफआयचा बोर्ड जुन्या बायोसचं सोंग घेतो आणि डिस्कचा पहिला तुकडा चालवण्याची जुनी पद्धत वापरू शकतो. तो बंद असेल तर बोर्ड फक्त यूईएफआयच्या फाइली शोधतो. विंडोजच्या बाबतीत नियम पक्का आहे: जुन्या पद्धतीने सुरू व्हायचं तर विंडोजची डिस्क एमबीआर हवी, यूईएफआयने सुरू व्हायचं तर जीपीटी हवी. जोडी चुकली की ‘नो बूटेबल डिव्हाइस’ असा संदेश येतो आणि कोणीतरी म्हणतं, ‘डिस्क गेली.’ डिस्क कुठेही गेलेली नसते. सीएसएम पूर्वी होतं तसं केलं की विंडोज पुन्हा उभं राहतं.

तुमच्याकडे कुठली जोडी आहे हे पीसी चालू असताना दोन मिनिटांत पाहता येतं. स्टार्टमध्ये ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ उघडा, तिथे ‘बायोस मोड’ या ओळीत यूईएफआय किंवा लेगसी लिहिलेलं असतं. ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये डिस्कवर राइट क्लिक करून गुणधर्म पाहिले की ‘पार्टिशन स्टाइल’ कळते. ही दोन उत्तरं एका कागदावर लिहून कॅबिनेटवर चिकटवून ठेवा. पुढे जो कोणी दुरुस्तीला येईल, त्याचा निम्मा वेळ वाचेल.

बोर्ड यूईएफआयचा असूनही विंडोज जुन्या पद्धतीवर चालणारे पीसी आपल्याकडे पुष्कळ आहेत. अप्पा बळवंत चौकाजवळचं एखादं डीटीपीचं दुकान डोळ्यांपुढे आणा. २०१३-१४ साली घेतलेला पीसी, त्यावर तेव्हा विंडोज ७ लेगसीमध्ये टाकलेलं. जुलै २०१५ पासून मायक्रोसॉफ्टने विंडोज १० फुकट दिलं, ते त्याच्यावरच चढलं, आणि डिस्क एमबीआरच राहिली. आता १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. मालक विंडोज ११ च्या मागे लागतात, आणि तपासणीत सिक्युअर बूट (सुरुवातीच्या फाइलची सही तपासणारी सोय) चालत नसल्याचा शेरा येतो. मग कोणीतरी बायोसमध्ये जाऊन सीएसएम बंद करतं, आणि पुढच्या क्षणी पीसी उठत नाही.

त्या दुकानदाराला सेटिंगच्या आधी एक वेगळी गोष्ट सांगायला हवी. विंडोज ११ ला प्रोसेसरची अटही आहे: इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा एएमडीचा रायझन २००० मालिकेपासूनचा प्रोसेसर लागतो. २०१३ च्या पीसीवर सिक्युअर बूट चालू करूनही मायक्रोसॉफ्टच्या यादीत तो बसणार नाही. अशा मशीनवर बायोसशी झटापट करण्यात वेळ घालवू नका. प्रोसेसर यादीत असेल तरच पुढचं वाचा.

एमबीआर डिस्कचं जीपीटी करायला विंडोज १० मध्ये २०१७ पासून ‘एमबीआर-टू-जीपीटी’ हे मायक्रोसॉफ्टचंच साधन आहे. ते डेटा न पुसता रूपांतर करतं. मात्र डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन असतील किंवा एक्स्टेंडेड (पोटात आणखी भाग असलेलं) पार्टिशन असेल तर ते काम नाकारतं. आपल्याकडे सी, डी, ई असे ड्राइव्ह पाडून घ्यायची पद्धत होती आणि त्यातले डी, ई पुष्कळदा एक्स्टेंडेडच्या पोटातले असतात. त्यामुळे आधी त्या ड्राइव्हमधला डेटा बाहेरच्या डिस्कवर घ्यावा लागतो आणि ते पार्टिशन काढावे लागतात. या साधनात आधी फक्त तपासून पाहण्याची सोय आहे. ती वापरा, ती होकार देईल तरच रूपांतर करा, आणि त्यानंतर लगेच बायोसमध्ये जाऊन सीएसएम बंद करा. क्रम हाच. बॅकअप घेतल्याशिवाय यातलं काहीच करू नये, साधन कितीही भरवशाचं असलं तरी.

फार जुनं ग्राफिक्स कार्ड असेल तर सीएसएम बंद केल्यावर स्क्रीनच काळी राहू शकते, कारण त्या कार्डाला यूईएफआयची भाषा येत नाही. अशा वेळी मॉनिटरची केबल मदरबोर्डवरच्या व्हिडिओ पोर्टला लावून पाहा. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तर चित्र दिसेल.

बटणाएवढी बॅटरी

कोणीच काही बदललं नाही, तरी सेटिंग बदलते कशी? उत्तर बहुतेक वेळा मदरबोर्डवरच्या चपट्या गोल बॅटरीत असतं. सीआर २०३२, ३ व्होल्टची, मनगटी घड्याळवाल्याकडेही मिळते. पीसीचा वीजपुरवठा तुटलेला असताना घड्याळ चालू ठेवणं हे तिचं काम. बऱ्याच बोर्डांवर ती संपली की सेटिंगही कारखान्यातून आल्या होत्या तशा होतात. कारखान्यात सीएसएम बंद असेल आणि तुमचं विंडोज लेगसीचं असेल, तर जोडी फुटली.

आपल्या घरांत रात्री भिंतीवरचं बटण बंद करायची शिस्त असते. शिस्त चांगलीच आहे, पण तेवढा वेळ घड्याळाचा सगळा भार बॅटरीवर पडतो. भिंतीवरचं बटण चालू असेल तर पीसी बंद असतानाही वीजपुरवठ्याचा थोडा प्रवाह बोर्डाला मिळत राहतो आणि बॅटरी जवळजवळ खर्चच होत नाही. म्हणून मे महिन्यात सगळे कोकणात गेले, महिनाभर बटण बंद होतं आणि परतल्यावर पीसी उठेना, असं झालं की आधी बॅटरीचा संशय घ्यावा. तारीख बरीच मागे गेलेली दिसली की संशय पक्का. पीसी सुरू झाला तरी चुकलेल्या तारखेमुळे बँकेच्या साइटवर ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असा इशारा येतो, कारण साइटच्या प्रमाणपत्राची मुदत आणि तुमच्या पीसीची तारीख जुळत नाही.

नवी बॅटरी शंभर रुपयांच्या आत मिळते. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत घ्या. बदलताना वीज पूर्ण बंद करा. मग बायोसमध्ये जाऊन तारीख-वेळ लावा आणि आधी काढलेले फोटो पाहून सेटिंग पूर्ववत करा. फोटो नसतील तर सीएसएम एकदा चालू आणि एकदा बंद करून पाहणं हा पहिला प्रयोग.

‘लोड ऑप्टिमाइझ्ड डिफॉल्ट्स’ हा पर्यायही नेमकं हेच करतो. नावामुळे तो निरुपद्रवी वाटतो, पण सेटिंग टिपून न ठेवता तो दाबला तर चालू विंडोजची जोडी फुटू शकते.

डिस्कशी बोलण्याची पद्धत

‘साटा मोड’ किंवा ‘स्टोरेज कंट्रोलर’ या पर्यायात एएचसीआय, रेड, इंटेल आरएसटी अशी नावं दिसतात. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपवर ‘व्हीएमडी’ असतं. डिस्कशी कुठल्या पद्धतीने बोलायचं ते इथे ठरतं. विंडोज टाकताना जी पद्धत होती तिचाच ड्रायव्हर (त्या पद्धतीने डिस्कशी बोलणारा छोटा प्रोग्राम) विंडोज सुरुवातीला उचलतं. नंतर पद्धत बदलली तर निळा पडदा येतो आणि त्यावर ‘इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ लिहिलेलं असतं. पुन्हा तीच गोष्ट: जुनी सेटिंग परत आणा, विंडोज उघडेल.

बदलायचीच असेल तर वाट अशी. विंडोजमध्ये ‘सिस्टिम कॉन्फिगरेशन’ उघडून ‘सेफ बूट’वर खूण करा, रीस्टार्ट करून बायोसमध्ये मोड बदला, विंडोज सेफ मोडमध्ये उघडू द्या, मग ती खूण काढून पुन्हा रीस्टार्ट. सेफ मोडमध्ये विंडोज गरजेचा ड्रायव्हर स्वतः शोधून घेतं.

नव्या लॅपटॉपवर विंडोज टाकताना एकही डिस्क दिसत नसेल तर कारण बहुधा व्हीएमडीच. लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून त्याचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर घेऊन तो तिथल्या तिथे लोड करावा. माझ्या मते व्हीएमडी बंद करण्यापेक्षा हे बरं, कारण पुढे कोणी बायोस डिफॉल्टवर नेला तरी विंडोज सुरू राहील.

सिक्युअर बूट

सोसायटीच्या गेटवर वॉचमनकडे दोन याद्या असतात: कोणाला आत सोडायचं आणि कोणाला अजिबात सोडायचं नाही. सिक्युअर बूटचं काम तसंच चालतं. सुरुवातीची फाइल चालवण्याआधी बोर्ड तिच्यावरची डिजिटल सही तपासतो. सही मान्य यादीत बसणारी असेल आणि फाइल बंदीच्या यादीत नसेल तरच पुढे जाऊ देतो. विंडोज उघडण्याच्या आधीच आत शिरणारे व्हायरस अँटिव्हायरसला दिसत नाहीत, म्हणून ही तपासणी इतक्या आधी करावी लागते. ‘ब्लॅकलोटस’ नावाचा असा एक व्हायरस २०२३ मध्ये सिक्युअर बूटलाही चकवून गेला, कारण विंडोजची जुनी, दोष असलेली पण रीतसर सही असलेली फाइल तो वापरत होता. बंदीची यादी वेळोवेळी ताजी का करावी लागते ते यावरून लक्षात येईल.

मायक्रोसॉफ्टची या कामातली मूळ प्रमाणपत्रं २०११ सालची आहेत आणि त्यांची मुदत जून २०२६ पासून टप्प्याटप्प्याने संपते. त्यांच्या जागी २०२३ ची प्रमाणपत्रं येतात, बहुतेकांकडे विंडोज अपडेटमधूनच. मुदत संपली म्हणून पीसी सुरू व्हायचा थांबत नाही. मात्र नवी प्रमाणपत्रं नसतील तर सुरुवातीच्या टप्प्यातल्या पुढच्या सुरक्षा सुधारणा मिळत नाहीत. म्हणून विंडोज अपडेट बंद करून ठेवू नका, आणि बोर्डाच्या कंपनीने बायोसचं अपडेट दिलं असेल तर तेही पाहा.

लिनक्स टाकायचं म्हणून सिक्युअर बूट बंद करावं लागतं, हा सल्ला आता जुना झाला. उबुंटू, फेडोरा, डेबियन यांची सुरुवातीची फाइल मायक्रोसॉफ्टच्या सहीनिशी येते. वेगळ्या ड्रायव्हरची गरज पडली तर त्याची सही एकदा नोंदवण्याची सोयही त्यांच्यात आहे.

आता एक सूचना, आणि ती मी कळकळीने करतो. यातलं काहीही बदलण्याआधी बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू आहे का पाहा. विंडोज ११ च्या २०२४ मधल्या आवृत्तीपासून, नव्याने विंडोज टाकून मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की पात्र पीसींवर डिस्कचं कुलूपबंद स्वरूप आपोआप चालू होतं, होम आवृत्तीवरही. घरातल्या कोणाला त्याची कल्पनाही नसते. त्या कुलपाची किल्ली टीपीएम नावाच्या चिपमध्ये असते आणि सुरुवातीच्या सेटिंग बदलल्या की टीपीएम ती किल्ली द्यायला नकार देतो. मग निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती नसेल तर डेटा कोणीच काढून देऊ शकत नाही, कितीही पैसे मोजले तरी. मायक्रोसॉफ्ट खात्यात लॉगिन करून ती की आजच पाहा आणि कागदावर लिहून घरातल्या महत्त्वाच्या कागदपत्रांत ठेवा. बायोस अपडेट किंवा सिक्युअर बूट, टीपीएममधला बदल करायचा असेल तर आधी बिटलॉकर ‘सस्पेंड’ करा, काम झाल्यावर पुन्हा चालू करा. टीपीएम इंटेलच्या बोर्डांवर ‘पीटीटी’ आणि एएमडीच्या बोर्डांवर ‘एफटीपीएम’ या नावाने सापडेल. त्याच पानावरचं ‘क्लिअर टीपीएम’ दाबायचं नाही.

क्रम, पेन ड्राइव्ह, वेग

बूटच्या यादीत सर्वांत वर ‘विंडोज बूट मॅनेजर’ हवं. यूईएफआय पीसीवर त्याच्या जागी नुसतं डिस्कचं नाव वर आलं तर पीसी अडू शकतो. एखाद्या वेळेपुरतं पेन ड्राइव्हवरून सुरू करायचं असेल तर कायमचा क्रम बदलू नका. त्यासाठी वेगळा मेनू असतो: डेल आणि लेनोव्होवर एफ-१२, एचपीवर एफ-९, गिगाबाइटवर एफ-१२, एमएसआयवर एफ-११, आसुसच्या बोर्डांवर एफ-८. तिथे एकच पेन ड्राइव्ह दोनदा दिसू शकतो, एका नावाआधी ‘यूईएफआय’ लिहिलेलं असतं. जीपीटी डिस्कवर विंडोज टाकायचं असेल तर तोच निवडायचा. दुसरा निवडल्यामुळे ‘या डिस्कवर विंडोज टाकता येत नाही’ असा संदेश येतो आणि माणसं सगळे पार्टिशन उडवून बसतात.

काळ्या पडद्यावर ‘पीएक्सई’ आणि ‘आयपीव्ही-४’ अशी अक्षरं आली तर तो व्हायरस नव्हे. यादीतल्या कुठल्याच डिस्कवरून सुरुवात झाली नाही म्हणून बोर्ड नेटवर्कवरून सुरू होता येतं का ते पाहतो आहे. डिस्कची केबल आणि बूटची यादी तपासा.

बायोसमधलं ‘फास्ट बूट’ आणि विंडोजमधलं ‘फास्ट स्टार्टअप’ ही दोन निरनिराळी प्रकरणं आहेत. पहिलं बोर्डाच्या तपासण्या कमी करतं. त्याच्या सर्वांत जलद प्रकारात यूएसबी कीबोर्ड विंडोज येईपर्यंत जागाच होत नाही, म्हणून डिलीट की लागत नाही. दुसरं शटडाऊन करताना विंडोजचा गाभा डिस्कवर साठवून ठेवतं आणि पुढच्या वेळी तोच उचलतं. त्यामुळे शटडाऊनपेक्षा रीस्टार्टने विंडोज जास्त कोरं सुरू होतं. एकाच पीसीवर लिनक्सही असेल तर फास्ट स्टार्टअप बंद ठेवा, नाहीतर विंडोजचं पार्टिशन लिनक्समधून लिहिण्याजोगं उघडत नाही. एसएसडी असलेल्या पीसीवर बायोसच्या फास्ट बूटने वाचणारे दोन-तीन सेकंद मला त्या त्रासाच्या मोलाचे वाटत नाहीत.

रॅमचा वेग वाढवणारे ‘एक्सएमपी’ किंवा ‘एक्स्पो’ चालू केल्यावर डीडीआर-५ या नव्या प्रकारच्या रॅमच्या पीसीवर पहिल्यांदा काही मिनिटं स्क्रीन काळी राहू शकते. बोर्ड रॅमची नव्याने जुळणी करत असतो. घाबरून बटण बंद करू नका.

इंजिनिअरिंगच्या मुलांना व्हर्च्युअलबॉक्ससाठी किंवा अँड्रॉइडच्या एम्युलेटरसाठी लागणारा पर्याय इंटेलवर ‘व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी’ आणि एएमडीवर ‘एसव्हीएम मोड’ या नावाने प्रोसेसरच्या पानावर असतो. तो चालू केल्याने विंडोज सुरू होण्याशी काही बिनसत नाही.

लाईट गेली आणि आली तर

दुकानातला सीसीटीव्हीचा पीसी, ऑफिसातलं टॅलीचं मशीन, सगळ्यांना एक सेटिंग फार कामाची आहे. गुरुवारच्या दुरुस्तीसाठी लाईट गेली, दुपारनंतर आली, पीसी मात्र बंदच राहिला आणि बाहेरून कोणालाच फाइल उघडता येईना, हा प्रकार ती टाळते. ‘रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस’, ‘एसी रिकव्हरी’, ‘एसी बॅक’ अशा नावांनी ती मिळेल, पॉवर मॅनेजमेंटच्या पानावर. तीन पर्याय असतात: वीज आल्यावर बंदच राहा, नेहमी सुरू हो, किंवा आधी होतास तसा हो. ऑफिसच्या सर्व्हरला ‘नेहमी सुरू’ ठीक. घरच्या पीसीला ‘बंदच’ बरं, कारण पावसाळ्यात लाईट दहा मिनिटांत तीनदा ये-जा करते आणि प्रत्येक वेळी डिस्क अर्ध्यात तोडली जाते. कुठलाही पर्याय निवडला तरी यूपीएस हवाच.

दूरवरून पीसी उठवायचा असेल तर ‘वेक ऑन लॅन’ चालू आणि ‘ईआरपी’ बंद हवं. ईआरपी चालू असलं की बंद पीसीतला तो थोडा प्रवाहही तोडला जातो आणि नेटवर्क कार्ड झोपी जातं. बायोस अपडेट मात्र लाईटच्या भरवशावर करू नका. लॅपटॉप असेल तर बॅटरी भरलेली आणि चार्जर लावलेला, डेस्कटॉप असेल तर यूपीएसवर. मध्येच वीज गेली तर फ्लॅश चिपमधला प्रोग्राम अर्धवट लिहिला जातो आणि काही बोर्ड त्यानंतर उठतच नाहीत.

सगळं करूनही स्क्रीन काळीच राहिली तर डेस्कटॉपवर ‘क्लिअर सीमॉस’ करता येतं. वीज पूर्ण काढून मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या दोन पिना काही सेकंद जोडायच्या, की सेटिंग मूळ पदावर येतात. लॅपटॉपच्या बायोस पासवर्डला मात्र हा उपाय लागू पडत नाही. तो पुष्कळदा अशा चिपमध्ये साठवलेला असतो की बॅटरी काढून पुसला जात नाही. सुपरवायझर पासवर्ड टाकायचा असेल तर तो विचारपूर्वक टाका आणि बिटलॉकरच्या कीसोबत त्याच कागदावर लिहून ठेवा. विसरला तर खरेदीची पावती घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जावं लागतं, आणि काही मॉडेलवर मदरबोर्डच बदलावा लागतो.